शंभर नगांची पेटी आणि न फिरणारा पाना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी गाडीची देखभाल यावर लेख आला होता. लेख चांगलाच होता, ऑइल कधी बदलायचं, कूलंट कसा बघायचा, एअर फिल्टर, वायपर, सगळं बरोबर आणि सोप्या भाषेत, पण शेवटी हत्यारांचा विषय जो चार ओळींत उरकलाय की एक मोठा टूलकिट घ्या, सोबत एक स्क्रू पाना ठेवा की काम भागतं, ते वाचून गप्प बसवेना म्हणून हे पत्र. मी नाशिकचा, सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला नोकरी झाली, आता रिटायर आहे आणि घरची गाडी, शिवाय बिल्डिंगमधल्या काही जणांच्या गाड्या पार्किंगमध्येच बघतो.

घरी काम करणारा माणूस नेमका अडतो कुठे? नट कितीचा आहे इथे नाही अडत हो, दहाचा की बाराचा, म्हणजे किती मिलिमीटर रुंद, ते दोन पाने लावून बघितले की कळतं. अडतो तो पाना नटावर बसला पण फिरेना इथे. मागे फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि आपण बसतो त्याच्या मधला पत्रा, बाजूला एसीचा पाइप, वर वायरिंगचा जुडगा आणि पाना हलायला जागा जेमतेम दोन बोटं. अशा ठिकाणी स्क्रू पाना, म्हणजे जबडा कमी-जास्त करता येतो तो, विकतचं दुखणं. त्याचं डोकं सगळ्यात जाड, जबडा कितीही आवळा थोडा ढिला राहतोच, आणि धरतो नटाच्या दोनच बाजू. अडचणीत तो सरळ बसत नाही, एकदा सटकला की नटाचे कोपरे गोल, मग व्हाइस ग्रिप, मग छन्नी, मग टोइंगवाला. घरात असू द्या, नळाचं काम निघालं की लागेल, बोनेटमध्ये नेऊ नका.

जुन्या लोकांना आठवत असेल, अँबॅसिडर काय किंवा कुर्ल्याला बनायची ती पद्मिनी काय, बोनेट उघडलं की इंजिन लांबीत बसवलेलं आणि दोन्ही बाजूंनी एवढी मोकळीक की हात सोडा, अर्धा माणूस आत उतरेल. १९८३ ला मारुती आली ती आडवं इंजिन आणि पुढच्या चाकांना ड्राइव्ह घेऊन, आणि आज जवळपास सगळ्या छोट्या गाड्यांची रचना तीच आहे. त्यात नंतर एसी आला, पॉवर स्टिअरिंग आलं, एबीएसचा डबा आला, पण बोनेट काही त्या प्रमाणात वाढलं नाही. मग नट जातो कुठे तर मागच्या अंगाला, फायरवॉल आणि इंजिनच्या मधल्या फटीत. म्हणून मी म्हणतो की पाना घेताना नटाचा आकडा ही अर्धीच गोष्ट आहे, नटाच्या आजूबाजूला किती जागा आहे हे आधी बघा आणि त्या जागेला पाना घ्या.

जागा म्हणजे तीन प्रकारची. नटाच्या डोक्यावर किती मोकळं आहे, नटाच्या भोवती बाजूला किती, आणि पान्याचा दांडा हलायला किती. दांडा हलायचा हिशोब सोपा आहे पण दुकानदारही सांगत नाही. नटाला बाजू सहा, म्हणजे ६० अंश फिरवलं की तोच आकार परत येतो. सहा कोनांचा रिंग पाना, म्हणजे नटाला पूर्ण वेढणारा बंद तोंडाचा, काढून परत बसवायचा तर दांडा ६० अंश फिरला पायजे. पंधरा सेंटीमीटर लांबीचा पाना धरला तर त्याचं टोक साधारण सोळा सेंटीमीटर जातं, आडव्या इंजिनाच्या मागे एवढी जागा कुठून आणणार. बारा कोनांच्या रिंगला ३० अंश पुरतात, म्हणजे टोक आठेक सेंटीमीटर. उघड्या तोंडाच्या फिक्स पान्याचं तोंड दांड्याला पंधरा अंश तिरकं असतं बघा, ते उगाच नाही, एकदा फिरवला की पाना पालथा करून लावायचा, परत फिरवायचा, परत उलथा, असं करत ३० अंशांच्या जागेत काम निघतं. कित्येक जण वर्षानुवर्षं फिक्स पाना वापरतात आणि तो पालथा करायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि रॅचेट रिंग, ज्याला काही दुकानदार गिअर पाना म्हणतात, त्याच्या आत दाते असतात, एका दिशेला नट फिरवतो आणि परत येताना नुसता सुटा फिरतो, नटावरून काढावा लागत नाही. ७२ दाते असतील तर एका दात्याला ५ अंश, म्हणजे तोच पंधरा सेंटीमीटरचा दांडा सव्वा सेंटीमीटर हलला तरी काम पुढे सरकतं. २४ दात्यांचा स्वस्त असेल तर १५ अंश, म्हणजे जवळपास चार सेंटीमीटर. हा फरक दुकानात कळत नाही, गाडीत कळतो. घेताना कानाजवळ धरून हळू फिरवून बघायचा, टिकटिक बारीक आणि दाट आली पायजे.

पण रॅचेट रिंग घेतला म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. एक तर डोकं साध्या रिंगपेक्षा जाड. दुसरं, घट्ट बसलेला बोल्ट त्याने पहिल्यांदा सोडवायला जायचं नाही, दाते खातात, आधी साध्या रिंगने ढिला करायचा आणि मग हा लावायचा. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात खतरनाक. ज्याला दिशा बदलायची कळ नसते, पालथा करूनच उलटा फिरवायचा असतो, तो लांब बोल्टवर लावून खोलत बसलात आणि बोल्टच्या डोक्यासमोर जवळच एखादी भिंत असेल, तर बोल्ट जसजसा बाहेर येतो तसतसा पाना त्या भिंतीकडे सरकतो आणि शेवटी बोल्टचं डोकं आणि भिंत यांच्यात असा अडकतो की काढता येत नाही, आणि पालथाही करता येत नाही की बोल्ट परत आत न्यावा. पाना तिथेच, गाडी तिथेच. म्हणून अशा जागी कळ असलेलाच घ्यायचा, नाहीतर पाना भिंतीला टेकायच्या आतच काढून पुढचं बोटांनी.

शोरूम सोडा, गल्लीतल्या गॅरेजमध्ये जाऊन बघा, कारागिराच्या ट्रेमध्ये एक तरी पाना वाकवलेला किंवा घासून पातळ केलेला सापडेल. ती त्याची खरी संपत्ती. जुन्या बाजारातून स्वस्तात १२-१४ चा घ्यायचा, ग्राइंडरवर त्याचं डोकं बाहेरून पातळ करायचं, मधून मधून पाण्यात बुडवत, कारण निळा पडला की त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरला, मग पहिल्याच जोरात तोंड फाकतं. वाकवायचा असेल तर दांडा मधोमध तापवायचा, डोकं थंड ठेवून. हे घरी सगळ्यांनी करावं असं नाही म्हणत, पण लक्षात घ्या की रोज गाड्या उघडणारा माणूस पान्यांची संख्या वाढवत नाही, एका जागेसाठी एक पाना तयार करून ठेवतो.

जुन्या बाजाराचं निघालंच आहे तर, तिथले पाने उचलताना आकडा नीट वाचा. पूर्वीच्या अँबॅसिडरच्या काळातले इंची पाने अजून ढिगात असतात. तीन-चतुर्थांश इंचाचा १९ ला चालून जातो, फरक जवळजवळ नाहीच. पण नऊ-सोळांशाचा म्हणजे १४.२९ मिलिमीटर, तो १४ च्या बोल्टवर बसतो, बसल्यासारखा वाटतो, आणि गंजलेल्या बोल्टवर जोर दिला की घसरतो. अडचणीच्या जागी असला प्रयोग नकोच, तिथे कोपरे गेले तर दुसरं काही लावायलाही जागा नसते.

साइझबद्दल थोडं. मारुती, टोयोटा, होंडा या जपानी वळणाच्या गाड्यांत ८, १०, १२, १४, १७, १९ एवढ्यांत बहुतेक काम होतं. युरोपियन वळणाच्या गाड्यांत तोच ८ मिलिमीटर जाडीचा बोल्ट १२ ऐवजी १३ च्या डोक्याचा येतो, आणि १० मिलिमीटरचा बोल्ट १४ ऐवजी १६ किंवा १७ चा. टाटा-महिंद्रात १३ हमखास भेटतो, फोक्सवॅगन-स्कोडात तर बऱ्याच ठिकाणी षटकोनच नसतो, स्टार बिट लागतात. आणि आपल्याकडे जो आठ पान्यांचा सेट मिळतो तो असतो ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५ असा. मारुतीवाल्याला त्यातल्या अर्ध्या तोंडांचा उपयोग शून्य. त्यापेक्षा १०-१२, १२-१४, १४-१७ असे सुटे मागून बघा, एका पान्याची दोन्ही टोकं कामाची, आणि अडचणीत दुसरा पाना शोधायला वर यावं लागत नाही. शंभर नगांची पेटी म्हणजे लग्नात आलेल्या आहेराच्या भांड्यांसारखी, कपाट भरतं आणि चुलीवर तीच दोन पातेली. त्या शंभरात बिट किती आणि पाने किती ते मोजा एकदा.

आता गोटी, म्हणजे नटावर वरून बसणारी टोपी, आणि ती फिरवायचा दांडा म्हणजे रॅचेट. दोन्ही जिथे जोडतात त्या चौकोनाच्या मापावरून ती ओळखतात, आणि आपल्याकडे सवय अर्ध्या इंचाची, म्हणजे चार सुताची, कारण ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले तीच वापरतात आणि दुकानात तीच पडलेली असते. गाडीच्या चाकाला, सस्पेंशनला ती पायजेच. पण बोनेटमधल्या १० आणि १२ च्या बोल्टला ते डोकं आत जातच नाही, तिथे दोन सुताचं, म्हणजे पाव इंची छोटं रॅचेट घ्या, आणि बजेट असेल तर तीन सुताचं, माझ्या मते घरच्या गाडीसाठी सगळ्यात उपयोगी तेच, पण ते मागावं लागतं, समोर मांडलेलं नसतं. दुकानदार म्हणेल अ‍ॅडाप्टर लावा, चार सुताच्या रॅचेटला दोन सुताची गोटी. लावता येते, पण अ‍ॅडाप्टरने उंची वाढते आणि आपला सगळा झगडा उंचीचाच आहे, शिवाय मोठ्या रॅचेटच्या जोराने छोटा बोल्ट कधी तुटला कळत नाही.

हा जोराचा हिशोब अडचणीच्या जागी फार महत्त्वाचा आहे. ६ मिलिमीटरचा बोल्ट, ज्याला १० चा पाना लागतो, त्याला साधारण १० न्यूटन मीटर एवढंच आवळायचं असतं. पंधरा सेंटीमीटरच्या पान्यावर हे म्हणजे सात किलोचा जोर. हाताला काहीच नाही. तोच बोल्ट तीस सेंटीमीटरच्या दांड्याने आवळलात तर साडेतीन किलोत काम झालेलं असतं आणि आपण आपल्या सवयीने वीस किलो लावतो, मग आटे गेले किंवा डोकं हातात. म्हणून १० साठी आखूड, म्हणजे स्टबी पाना, दहा सेंटीमीटरचा, उत्तम, जागा कमी घेतो आणि तोडूही देत नाही. पण १४ च्या बोल्टला आखूड घ्यायला गेलात तर उलटं होतं, त्याला ४५-५० न्यूटन मीटर लागतात, दहा सेंटीमीटरच्या दांड्यावर ते पन्नास किलो होतात, अडचणीत वाकून कोण लावणार पन्नास किलो. जागा कमी आहे म्हणून सगळेच पाने आखूड घ्यावेत असं वाटतं खरं, पण ते १० आणि फार तर १२ पर्यंत ठीक.

१४ च्या वर मी उलट करतो, पाना लांब करतो. सेल्फचा, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरचा, वरचा बोल्ट घ्या. कित्येक आडव्या इंजिनांत सेल्फ गिअरबॉक्सच्या तोंडाशी असतो, वरून मॅनिफोल्डच्या पाइपांनी झाकलेला, हात जातो तर डोळा जात नाही आणि डोळा जातो तर हात नाही. तिथे रॅचेट रिंग लावून पाच-पाच अंश करत बसण्यापेक्षा गोटी, तिच्या मागे युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे सगळीकडे वाकणारा सांधा, त्याच्या मागे दोन एक्स्टेंशन, म्हणजे लांबी वाढवायचे दांडे, जोडून रॅचेट थेट मोकळ्या जागेत, रेडिएटरजवळ आणायचा. अडचणीत फक्त गोटी जाते, हात बाहेर राहतो. युनिव्हर्सल जॉइंट लुळा पडतो आणि गोटी नटावर जायच्या आधीच मान टाकते, त्यावर इलाज म्हणजे त्याच्या सांध्यावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे, पाहिजे तेवढाच वाकतो मग. कोन थोडाच असेल तर जॉइंटपेक्षा वॉबल एक्स्टेंशन बरं, ते थोडंसंच कलतं आणि जोर वाया घालवत नाही. एक्स्टेंशन किती लांबीचं लागेल ते मोजायला साधी तार घ्या, आत घालून वाकवा, बाहेर काढून मोजा. आणि बोल्टच्या डोक्यावर उंची किती मिळतेय हे बघायला पोरांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा डोक्यावर दाबून वरच्या पाइपला टेकवायचा, काढायचा, पट्टी लावायची. तेवढ्या उंचीत गोटी आणि रॅचेटचं डोकं मिळून बसत नसेल तर रिंग, रिंगही बसत नसेल तर फिक्स. मोबाइलचा व्हिडिओ चालू करून हात आत घातला की कोणत्या बाजूला काय आहे तेही दिसतं, आरसा वगैरे विकत आणायची गरज नाही आता.

रिंग पान्यातही दोन जाती. आपल्याकडे दुकानात मिळतो तो बहुतेक वाकडा, म्हणजे दांड्यापासून डोकं खाली गेलेलं. खड्ड्यातल्या नटाला आणि हाताची बोटं वाचवायला तो छान, पण वर जागा नसेल तर तोच अडतो, कारण दांडा वर उचललेला असतो. तिथे सपाट रिंग पायजे. आणि मधे अडथळा असेल, म्हणजे नट दिसतोय पण सरळ रेषेत पाइप आडवा येतोय, तर हाफ मून, अर्धचंद्रासारखा वळलेला रिंग, तो पाइपाला वळसा घालून नटावर जातो. वर्षातून कधीतरी लागेल पण जेव्हा लागतो तेव्हा दुसरं काही चालत नाही. रिंग घेताना त्याच्या भिंतीची जाडी नक्की बघा. चांगल्या क्रोम व्हॅनेडियम पोलादाचा पाना पातळ ठेवूनही टिकतो, हलक्या लोखंडाचा टिकावा म्हणून जाड करतात, आणि जाड म्हणजे नटाच्या बाजूला शिरतच नाही. आमच्या नाशिकच्याच टापरियाचे साधे पाने मी वर्षानुवर्षं वापरतोय, फार दिखाऊ नाहीत, पण बसतात बरोबर. परदेशी महागडे घ्यायचेच असं काही नाही.

ब्रेकच्या पाइपाचा नट हा वेगळा विषय, त्याला रिंग घालता येत नाही कारण मधून पाइप जातो, आणि फिक्सने तो गोल होतो कारण मऊ असतो. त्याला फ्लेअर नट पाना, ज्याच्या रिंगला पाइप आत शिरेल एवढी फट असते. तो नसेल तर ब्रेकच्या पाइपाला घरी हात लावू नका एवढंच सांगतो.

आणि जीव सांभाळा. सेल्फ किंवा अल्टरनेटरजवळ पाना घालायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सेल्फला जाणारी जाड वायर सहसा बॅटरीतून थेट येते, मधे फ्यूज नसतो, पान्याचं एक टोक तिथे आणि दुसरं बॉडीला टेकलं की पाना लाल होतो. हातातलं कडं, घड्याळ, अंगठी काढून ठेवा. गाडीखाली जायचं तर जॅकवर भरवसा नाही, खाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, लावूनच. आणि पाना शक्यतो आपल्याकडे ओढायचा, पुढे ढकलायचा नाही, सटकला तर बोटांची सालं फायरवॉलवर राहतात. ढकलावाच लागला तर मूठ उघडी ठेवून तळहाताने.

आता माझी तक्रार, आणि त्यासाठीच खरं तर पेपरला लिहितोय. पान्याच्या पाकिटावर आपल्याला काय मिळतं? नटाचा आकडा, नगांची संख्या, आणि लाइफटाइम वॉरंटी. डोक्याची बाहेरची रुंदी किती, जाडी किती, रॅचेट असेल तर दाते किती, दांडा कमीत कमी किती अंश हलावा लागतो, यातलं काहीही छापलेलं नसतं, ऑनलाइन फोटोत तर पाना एकटाच पांढऱ्या कागदावर, कशाच्या शेजारी ठेवलेला नाही की अंदाज यावा. घेणारा अंधारात घेतो, घरी आणतो, आत जात नाही, परत करायला गेलं की दुकानदार म्हणतो वापरलेला आहे. चार आकडे छापायला कंपनीला काय जातं? गोटीचा बाहेरचा व्यास आणि पान्याची जाडी त्यांच्या ड्रॉइंगवर असतेच, त्याशिवाय डाय बनत नाही.

गाडीवाल्यांचंही तेच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये राइट टू रिपेअर, म्हणजे ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोबाइल आणि शेतीच्या अवजारांबरोबर गाड्याही घेतल्या होत्या, चांगली गोष्ट. पण त्यावर बोलताना सगळे स्पेअर पार्ट आणि सॉफ्टवेअरवर बोलतात. हेडलाइटचा बल्ब बदलायला बंपर सोडवावा लागतो अशा गाड्या रस्त्यावर आहेत, त्याबद्दल कोणी बोलत नाही. ज्या गोष्टी घसणार, उडणार, संपणार हे कंपनीला माहीतच आहे, बॅटरी, बल्ब, बेल्ट, फिल्टर, निदान त्यांच्या नटापर्यंत साधा दहाचा रिंग पोचेल आणि फिरेल एवढी जागा सोडा, आणि कोणत्या नटाला कितीचा पाना आणि किती जोर हे मालकाच्या पुस्तकात छापा. सध्या त्या पुस्तकात ब्लूटूथ कसं जोडायचं याला पानंच्या पानं असतात.

आपल्या पुरवणीला एक विनंती. पुढच्या वेळी हत्यारांवर लिहाल तेव्हा जागा काढून एक तक्ता छापा, रस्त्यावर जास्त दिसणाऱ्या गाड्यांचा, बॅटरी, बेल्ट, ऑइलचा बोल्ट आणि चाक यांना कितीचा पाना लागतो आणि तो रिंग लागतो की गोटी. मजकूर कोणी ठेवणार नाही, पण तो तक्ता लोक कापून डॅशबोर्डच्या खणात ठेवतील, मी तरी ठेवीन.

आपला एक नियमित वाचक,
सिडको, नाशिक